पन्नास हजारांची अट

माहनूरसाठी आलेलं स्थळ तिच्या वडिलांना, निजामुद्दीनना, नापसंत नव्हतं. याह्या चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता, शांत होता, घरची माणसंही माहितीतली. पण पगार अठ्ठावीस हजार. या शहरात सुखानं राहायचं तर पन्नास लागतात, असं त्यांनी मध्यस्थाला सांगितलं. घरभाडं, टँकरचं पाणी, पेट्रोल, उद्या होणाऱ्या पोरांची शाळा, सगळं बोटांवर मोजून दाखवलं.

माहनूर एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिला एकोणीस हजार मिळत. संध्याकाळी ती आली तेव्हा आईनं, हसीनानं, तिला झालेलं सांगितलं. ती तशीच, ओढणीसुद्धा न काढता, वडिलांसमोर जाऊन बसली.

"अब्बा, त्यांचे अठ्ठावीस, माझे एकोणीस. तीनच कमी पडतात."

"पोरीचा पगार धरायचा नसतो."

"या घरात तर चार वर्षं धरलाय."

 पूर्वी निजामुद्दीन टुरिस्ट गाडी चालवायचे, लेण्यांकडं जाणारा फर्दापूरचा रस्ता त्यांना पाठ होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर चांगली सुधारली, पण अंधुक दिसायचं तेव्हा बसलेली रस्त्याची भीती काही गेली नाही. गाडी विकली. तेव्हापासून घर माहनूरच्या पगारावर चाललं होतं, आणि ही गोष्ट आजवर कुणी तोंडानं बोललं नव्हतं. आता हे चिडणार, असं हसीनाला वाटलं. पण ते उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ते चिकलठाण्याला गेले. शिफ्ट सुटल्यावर याह्याला गेटवर गाठलं. त्यानं आधी त्यांना भाड्यानं बघितलेल्या दोन खोल्या दाखवल्या, मग चहाला नेलं. तिथं निजामुद्दीन म्हणाले, "पन्नास लागतात हे खोटं नाय. पण खरं सांगू का, ती गेल्यावर आमचं कसं होईल याचीच मला भीती होती."

याह्यानं थोडा विचार केला. "तिचा पगार तिचा आहे. तुमच्याकडं किती द्यायचं ते तिनं ठरवावं. मी कधी विचारणार नाय."

लग्न ठरलं. माहेरी दरमहा दहा हजार देईन, असं माहनूरनं सांगितलं. निजामुद्दीननी एका वर्षापुरतंच कबूल केलं. मग डोळे पुन्हा तपासून घेतले आणि एका शाळेची व्हॅन चालवायचं काम धरलं.

मुलांना बसवण्याआधी एका रविवारी त्यांनी रिकामी व्हॅन काढली. मागच्या सीटवर हसीनाला बसवलं. शाळेपर्यंत जाऊन ते परत आले. गाडी फार जोरात तर नाही ना गेली, असं त्यांनी विचारलं. यापेक्षा मी पायी लवकर पोचले असते, असं ती म्हणाली, आणि उतरायचं सोडून आणखी एक फेरी मारायला सांगू लागली.