मिस्त्रींचा ढाळ

त्या गल्लीत असं एकही अंगण नव्हतं, जिथं मिस्त्रींची थापी फिरली नव्हती. वरच्या टोकाच्या बेकरीपासून खालच्या वळणावरच्या गॅरेजपर्यंत दोन्ही बाजूंची सगळी अंगणं त्यांच्याच हातची. करडी, गुळगुळीत, अनवाणी पायाला गार. आणि प्रत्येकाला ढाळ असा, की सांडलेलं पाणी जागच्या जागी विचार करत बसायचं नाही. दारातून निघायचं, फाटकाखालून सरकायचं, रस्त्याकडेच्या गटाराला लागायचं आणि दिसेनासं व्हायचं. मिस्त्री येण्याआधी त्या गल्लीत घोट्याएवढा चिखल असे, पाहुणे चपला हातात घेऊन घरात येत. जुन्या माणसांना ते अजून आठवत होतं. म्हणून मिस्त्री रस्त्यानं निघाले की कट्ट्यावरची माणसं आपण होऊन सरकून जागा करायची.

त्यांच्या कामाची एक रीत होती. सिमेंट पुरतं वाळलं की ते घरातलं एखादं लहान मूल बोलवायचे, त्याला उंबऱ्यापाशी उभं करायचे, भांडंभर पाणी त्याच्या पायाशी ओतायचे आणि म्हणायचे, "पळ." मूल फाटकाकडे पळायचं, शेजारून पाणी पळायचं, आणि बघायला जमलेल्या बायका टाळ्या वाजवत म्हणायच्या:

पाण्या पाण्या, पळ रे पळ,
दारी नको तुझा मळ.

पाणी आधी पोचलं तर काम पास. मूल जिंकलं तर मिस्त्री छिन्नी काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. स्वतःच्या अंगणात तर त्यांची लेक लहानपणभर पाण्याशी शर्यत लावत राहिली. कधीच जिंकली नाही. रडायची, आणि रडता रडता पुन्हा भांडं भरून आणायची.

ती लेक आता पालिकेच्या गटार खात्यात होती. पावसाचं पाणी नदीला जाण्याआधी जिथं गाळलं जातं, त्या जाळ्या साफ करायचं तिचं काम. संध्याकाळी घरी यायची ती तडक न्हाणीघरात. बाहेर आली की ताटावर बसायची, आणि आईनं काही विचारलं तर "हं" म्हणायची. त्या एका "हं"मध्ये दिवसभराचं सगळं यायचं. आई म्हणायची, "हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीच्या तळाला गेलेली बादली काढण्यासारखं आहे." थकलेल्या माणसाला बोलतं करू नये, एवढं मिस्त्रींना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं.

अशात तो कागद आला.

पालिकेचा कागद होता आणि गल्लीतल्या प्रत्येक घरमालकाला आला होता. वरून काढलेला घराचा फोटो, त्यात छप्पर आणि अंगण लाल रंगवलेलं. खाली लिहिलं होतं की पावसाचं पाणी अशा कठीण जागेवर मुरत नाही, सगळी घाण सोबत घेऊन नदीत उतरतं. ते रोखायचं तर खर्च आहे. म्हणून ज्याची जितकी लाल जागा, तितका आकार त्याच्या घरपट्टीत धरावा असं ठरतंय. सहमत असाल तर इथं खूण करा, नसाल तर इथं. शुक्रवारपर्यंत कागद परत द्या. निम्म्याहून जास्त मालक नको म्हणाले तर योजना रद्द.

मिस्त्रींनी तो फोटो उन्हात धरून बघितला, मग सावलीत धरून बघितला. सगळं अंगण लाल होतं. कोपऱ्यातल्या एका झाडापुरता काय तो हिरवा ठिपका.

"बघून बघून तो कागद उगवणार आहे का?" बायको म्हणाली.

"लाल केलंय सगळं."

"मग? तुमच्या एकट्याचं केलंय का? गल्लीभर लालच लाल आहे."

"गल्लीभर मीच केलंय ना," मिस्त्री म्हणाले.

शेजारचा शिंपी कुंपणावरून डोकावला. त्याच्या गळ्यात कायम टेप लोंबत असायची, झोपताना तरी काढतो की नाही कुणाला ठाऊक. "मिस्त्री, तुम्ही काय खूण करताय? तुम्ही कराल तीच आम्ही. गल्लीत बोलणं झालंय तसं."

"बघू."

"बघू काय त्यात. अंगण करायचे पैसे तुम्ही घेतलेत, ते ठीक. आता अंगण असण्याचे पैसे पालिका घेणार. उद्या त्यावर उभं राहायचे पण मागतील. आपण एका पायावर उभे राहू, अर्धे पडतील."

मिस्त्री हसले, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. होय म्हणायचं, तर आयुष्यभर जे केलं ते नुकसान होतं असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं. नाही म्हणायचं, तर लेक ज्या खात्यात राबते त्याच्या तोंडावर दार लावायचं. कागद त्यांनी घडी करून दिव्याखाली ठेवला. येता-जाता त्याचा कोपरा दिसत राहिला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी लेकीला विचारलं. "तुझं काय म्हणणं?"

"मी खात्यातली आहे, बाबा. मी कुणाला सांगायचं नसतं. तसा हुकूमच आहे."

"मी कुणी म्हणून नाही विचारत. बाप म्हणून विचारतोय."

"बापाला तर मुळीच नाही." तिनं डाव्या हातानं पाण्याचं भांडं ओढलं. उजवा खांदा अजून नीट वर जात नव्हता. गेल्या वर्षी कार्यालयाच्या जिन्यावरून घसरले, असं तिनं सांगितलं होतं. मिस्त्रींनी कितीतरी दिवस तेल लावून तो चोळला होता.

"म्हणजे आम्ही केलेली अंगणं चुकली."

"असं कुठं लिहिलंय?"

"लाल रंगवलंय."

"लाल म्हणजे कठीण जागा. दुसरं काही नाही."

"लाल म्हणजे लाल," मिस्त्री म्हणाले, आणि जेवण तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ अवेळी भरून आलं. बायकोनं कोरड्या कपड्यांचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "पोरगी विसरून गेलीय. आज आपल्याच गल्लीच्या तोंडाशी काम आहे म्हणाली. जरा द्या जाऊन. तेवढेच पाय मोकळे होतील, कालपासून घुम्यासारखे बसलात."

गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं जमिनीत गटाराचं पाणी गाळणारा एक हौद आहे. एरवी त्यावर लोखंडी झाकण असतं. मिस्त्री त्यावरून हजारदा गेले असतील, पण खाली काय आहे ते बघायची वेळ कधी आली नव्हती. आज झाकण बाजूला सरकवलेलं होतं. आत, छातीएवढ्या खोलीत, कुणीतरी वाकून फावड्यानं काळं काहीतरी उपसत होतं आणि वर दोघं जण ते पिंपात भरत होते. गॅरेजचं तेल, बेकरीचं तूपकट पाणी, रंगाचे ओघळ, प्लास्टिक, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कुत्र्यांची घाण. सगळं एकजीव झालेलं. मिस्त्रींनी नाकाशी हात नेला आणि मग लाज वाटून खाली घेतला, कारण वाकलेली ती पाठ त्यांनी ओळखली होती.

मुकादम उलट्या बादलीवर बसला होता. कामाकडे पाठ आणि गल्लीकडे तोंड.

"काय हवंय, आजोबा?"

मिस्त्री काही सांगणार तोच हातावर एक थेंब पडला. मग कपाळावर दुसरा. मुकादम ताडकन उठला. "वर," एवढंच म्हणाला. वरच्या दोघांनी फावडं टाकलं, काखेत हात घालून लेकीला ओढून घेतलं. ती कोपरापर्यंत काळी होती. कुणाकडे न बघता भिंतीशी गेली आणि कपाळ टेकून उभी राहिली, लांब पळून आलेलं माणूस उभं राहतं तशी.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशीही असाच हौद उघडा होता. तिथला माणूस आतच होता. काहीतरी गुणगुणत सावकाश फावडं चालवत होता.

"त्याला नाही बोलावलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याला वेळ आहे. त्या गल्लीत अंगणं खडबडीत, कुठं माती, कुठं खड्डे. पाणी रमतगमत येतं. तो चहा पिऊन निघाला तरी चालेल. इथलं तसं नाही. इथं थेंब पडला की माणूस वर पाहिजे. आमच्या टोळीचा नेमच आहे तो. बघा आता."

मिस्त्रींनी बघितलं. सर अजून पुरती धरलीही नव्हती, आणि गल्लीच्या दोन्ही कडांनी पाणी आलं. फाटकाफाटकातून आलं, एकमेकांत मिसळलं, वळणावर फुगलं. कुठं अडखळलं नाही, कुठं वाट चुकलं नाही. करडं, फेसाळ, मुसंडी मारत आलं आणि आत्ता लेक जिथं वाकली होती त्या जागेत धाडकन कोसळलं. हौद बघता बघता काठोकाठ भरला. इतकं सुरेख पाणी मिस्त्रींनी आयुष्यात बघितलं नव्हतं. मग त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं.

"गेल्या वर्षी गाठलंच हिला," मुकादम सांगत होता. "माझं लक्ष दुसरीकडे. पाण्यानं उचलून कठड्यावर घातली. खांदा सुटला. तेव्हापासून इथं मी तोंड फिरवत नाही. ह्या कागदांचं जमलं तर वरूनच गाळ ओढणारी गाडी घेणार म्हणतात, कुणी उतरायलाच नको. बघायचं, लोक काय म्हणतात ते." त्यानं बादली ओढून भिंतीशी नेली. "पण एक सांगतो, ही गल्ली ज्यानं केली ना, त्या माणसाला एकदा भेटायचंय मला."

"भेटून काय करणार?"

"काय करणार. शिकेन त्याच्याकडून. असा ढाळ आता कोण देतंय?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं.

लेकीनं मान वळवली. "बाबा? तुम्ही इथं कशाला भिजताय?"

मुकादमानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि पिंपाची झाकणं तपासायला निघून गेला.

मिस्त्रींनी गाठोडं पुढं केलं. "जिन्यावरून घसरलीस म्हणाली होतीस."

"पाणी ओसरलं की परत उतरायचंय, बाबा. आत्ता नको."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता, रागाला लागतं तेवढं त्राणच नव्हतं. "तुमची अंगणं फार छान झालीत, असं?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी माळ्यावरून छिन्नी-हातोडा काढला आणि फाटकाच्या अलीकडे, अंगणाच्या रुंदीभर, खडूनं दोन रेघा ओढल्या. त्या रेघांच्या मधलं सिमेंट ते फोडायला लागले. फुटता फुटेना. काम चांगलं केलं की म्हातारपणी ते असं आडवं येतं. दर थोड्या वेळानं ते हातोडा मांडीवर ठेवून बसायचे.

"अंगणाशी भांडण काढलंय ह्या वयात," बायको म्हणाली. चहा मात्र तिथंच आणून दिला, आणि मग फुटलेले तुकडे घमेल्यात भरायला स्वतःच बसली.

शिंपी कुंपणावर आला. "मिस्त्री, हे काय चाललंय?"

"चर काढतोय. खाली खडी भरायची. पाणी इथंच मुरेल."

"आकार कमी होतो म्हणे तसं केलं की. त्याच्यासाठी?"

"नाही."

"मग खूण काय केलीत?"

"होय."

शिंप्यानं टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "म्हणजे चुकलंच होतं म्हणा की सगळं."

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. "ढाळ चुकला नव्हता. पाणी पाठवत राहिलो. कुणाच्या अंगावर पाठवतोय, ते बघायला गेलो नाही."

शिंपी जाता जाता स्वतःशी पुटपुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता हा मलाही खणायला लावणार. शिलाई कोण करेल मग, ह्याची छिन्नी?" संध्याकाळी मिस्त्रींनी बघितलं, तर तो आपल्या फाटकाशी उकिडवा बसून टेपनं काहीतरी मोजत होता.

शुक्रवारी मिस्त्री आपला कागद स्वतः पालिकेत देऊन आले. शहर काय म्हणालं ते कळायला वेळ होता. गल्लीतले काही होय म्हणाले, काही नाही म्हणाले, बेकरीवाल्यानं त्या कागदात पाव बांधून दिला असंही कुणी सांगितलं.

चर तोवर भरून झाली होती. लेक कामावरून आली तेव्हा मिस्त्री उंबऱ्यात भांडं घेऊन उभे होते. ती न्हाणीकडे वळणार, तोच म्हणाले, "जरा थांब. इथं उभी राहा."

"बाबा, आता जीव नाही हो माझ्यात."

"पळू नकोस. चाल नुसती."

त्यांनी पाणी ओतलं. त्याला कुणी काही कळवलं नव्हतं. ते आपलं नेहमीसारखं निघालं, घाईनं, सरळ. लेक जड बूट ओढत त्याच्यामागून चालली. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या ओठांवर ते जुनं गाणं आलं आणि तिथंच राहिलं. चरीपाशी पाणी खडीत उतरलं. खालच्या मातीनं किती वर्षांत पाण्याचं तोंड बघितलं नव्हतं. आधी तिनं घेतलंच नाही, पाणी खड्यांमधून वर डोकावून बघत राहिलं. मिस्त्री रिकामं भांडं धरून बघत होते. मग हळूच एक बुडबुडा आला. मग दुसरा. आणि पाणी खाली खाली जायला लागलं.

लेकीनं चर ओलांडली आणि फाटकाला हात लावला. पलीकडचा रस्ता कोरडा होता. ती तिथंच टेकून उभी राहिली, डोळे मिटून.

"पोचलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"हं," ती म्हणाली.