एका पात्याचा रेझर

चंपतरावांनी डाव्या गालावरून रेझर खाली ओढला आणि तो अर्ध्यातच अडला. केस कापले गेले नाहीत, ओढले गेले. त्यांनी रेझर पाण्यात खळखळवून पुन्हा लावला. या वेळी हनुवटीखाली रक्ताचा ठिपका उमटला आणि फेसात गुलाबी होऊन पसरला.

"द्वारका, तुरटी कुठी आहे?"

"खिडकीत पाहा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "म्या म्हटलं होतं, त्या देवानंदाकडून पाती आणू नोका."

अंगणातल्या भिंतीवर टांगलेल्या आरशासमोर रोज सकाळी दाढी करायची, हा चंपतरावांचा नेम. मास्तरकीतून निवृत्त झाले तरी तो मोडला नव्हता. रविवारी नवं पातं घातलं की ते आठवडाभर पुरायचं. पण अलीकडे बुधवार उजाडला की पातं बोथट झालेलं असायचं.

त्यांनी ते पातं कागदात गुंडाळलं आणि तेलंगणातल्या त्यांच्या बेला गावच्या बसस्टँडजवळ देवानंदाच्या दुकानात नेलं. देवानंद त्यांचाच विद्यार्थी. सर दिसले की अजूनही गल्ल्यावरून उठून उभा राहायचा.

"डुप्लिकेट मी ठेवत नाई, सर. याच पाकिटातलं मीबी वापरून राह्यलो." त्यानं दोरीला लटकवलेला एक रंगीत पुठ्ठा काढून पुढं केला. "आता हे घ्या. तीन पात्यांचा. मान हलते याची. डोळे मिटून फिरवा, कापत नाई. खराब झालं का मुंडकं फेकायचं, दुसरं लावायचं. सारे पोट्टे हाच नेतात."

"ज्याले एक पातं धरता येत नाई, त्याले तीन लागतात," चंपतराव म्हणाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. चंपतराव नेहमीच्याच पात्यांचं पाकीट घेऊन निघाले.

तो जुना स्टीलचा रेझर त्यांच्या वडिलांनी वणीच्या बाजारातून आणला होता. त्या काळी गावचा न्हावी पाटलाच्या ओसरीवर बसून साऱ्या गावाची दाढी करायचा, पण त्याची पेटी चंपतरावांच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे कधी वळली नाही. वस्तीतली माणसं लिंबाखाली बसून एका गंजक्या वस्तऱ्यानं एकमेकांची दाढी उरकायची. चंपत शिकला, शाळेवर रुजू व्हायला निघाला, तेव्हा वडिलांनी, धोंडीबांनी, हा रेझर त्याच्या हातावर ठेवला. "आता कोनापुढं गाल धरायचा नाई," एवढंच ते बोलले होते.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी चंपतराव आदिलाबादला गेले आणि रात्री भावाकडे राहिले. परत आल्यावर सकाळी त्यांनी नवं पातं घालायला रेझरची मूठ फिरवली. मूठ घट्ट आवळलेली होती. त्यांची सवय अशी घट्ट आवळण्याची नव्हती. पातं उचललं, तर त्याखाली बारीक केस चिकटले होते. त्यांनी ते बोटावर घेतले, चष्मा लावला. केस काळे होते. त्यांची स्वतःची दाढी केव्हाच पांढरी झाली होती.

तेवढ्यात त्यांची लेक अर्पिता हेल्मेट घेऊन बाहेर आली. ती तहसील ऑफिसात नोकरीला होती. घरात हे तिघंच. चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. जबड्याच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती.

"ते काय लागलं?"

"हेल्मेटचा पट्टा घासला, बाबा."

तिनं पट्टा लावला, स्कूटी बाहेर काढली आणि गेली. चंपतराव आरशासमोर तसेच उभे राहिले. मग त्यांनी रेझर धुतला, मूठ होती तशीच घट्ट आवळली आणि तो जागेवर ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही.

अर्पिताच्या हनुवटीवर आणि जबड्यावर केस यायला लागले ते कॉलेजात असताना. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, शरीराचाच भाग आहे, वेळ लागेल, असं सांगितलं. द्वारकाबाईंनी बेसन-हळद सुरू केली, पार्लरवालीकडे नेऊन दोऱ्यानं केस काढवले. एका गोष्टीची मात्र सक्त मनाई होती. "पातं लावू नोको, माय. माणसासारखे जाड येतील."

मागच्या वर्षी पांढरकवड्याची माणसं पाहायला आली होती. मुलाच्या मावशीनं "रंग पाहू दे" म्हणून अर्पिताला अंगणात नेलं, तिची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे वळवलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. त्यानंतर निरोप आला नाही. आता येत्या रविवारी वणीचे लोक यायचे होते.

चंपतरावांच्या डोळ्यांसमोर न्हाणीघर आलं. तिथं आरसा नव्हता. कडी लावून, आवाज होऊ न देता, बहुधा साबणाचा नुसता हात लावून ती हे करत असणार. आणि त्यांचा रेझर शिकाऊ हाताला माफ करणारा नव्हता.

दुपारी दुकान रिकामं असताना ते देवानंदाकडे गेले.

"तो तीन पात्यांचा दाखव."

देवानंद खूश झाला. "कोनासाठी, सर?"

"भाचा यायचा आहे," ते पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचत म्हणाले. "नवीन आहे."

"नवीन हाताले हाच बरा."

घरी आल्यावर त्यांनी तो रेझर न्हाणीघराच्या खिडकीत, अर्पिताच्या केसांच्या पिना पडलेल्या असतात तिथं ठेवला.

त्या रात्री अर्पिता मान वर न करता जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. एरवी ऑफिसातून आली की ती चहा घेत बाबांना सारं सांगायची. कोण म्हातारा निजामाच्या काळातली कागदं घेऊन आला, कोणाचं नाव तेलुगूत चुकीचं लिहिलं गेलं, कोण कोणावर ओरडलं. आता ते खोलीत आले की ती उठून जायची. आपण काहीतरी मोडलं, असं चंपतरावांना वाटत राहिलं. पण खिडकीतला रेझर तिथून गेला होता, आणि शनिवारीही त्यांचं स्वतःचं पातं पहिल्या दिवसासारखं चाललं.

"तुमचं दोघांचं काई बिनसलं का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काई नाई."

रविवारी सकाळी द्वारकाबाई पोहे निवडत होत्या. चंपतरावांनी ब्रश गरम पाण्यात बुडवला, तोच आरशात त्यांना मागं अर्पिता दिसली. ओढणी तोंडावरून घेतलेली, हातात तो तीन पात्यांचा रेझर.

"बाबा, यानं नाई होत."

तिनं ओढणी खाली केली. जबड्याच्या कडेनं बारीक बारीक लाल फोड उठले होते.

"तीन पाती एकाच जागेवरून जातात. केस कातडीच्या आत तुटते आन मंग तिथं फोड येते." ती भरभर बोलत होती, जणू थांबली तर पुढं बोलता येणार नाही. "तुमच्यानं कापत होतं मले. पन असं नोयतं होत."

चंपतरावांनी चष्मा लावला. त्यांचा हात तिच्या चेहऱ्याकडे गेला आणि मधेच थांबला. अर्पितानं आपणहून तोंड वर केलं. त्यांनी हात मागं बांधून, वाकून, वही तपासावी तसं पाहिलं.

"माझ्यानं कापत काऊन होतं, माहीत आहे का? तू दाबत होतीस."

"दाबल्याबिगर केस निघन कसा?"

"रेझरच्या वजनानंच निघते. हातानं फक्त संगं जायचं असते."

त्यांनी स्टूल ओढून आरशासमोर ठेवलं. नवं पातं काढलं, रेझरात बसवलं, मूठ बेतानं फिरवली. "आज हे पातं तुझं. आधी गरम पाण्याचा हात लाव. घाई नाई करायची, केस मऊ होऊ दे. फोड आले ती जागा सोडून द्यायची."

तिनं साबण लावला. त्यांनीही आपल्या गालावर फेस केला आणि रिकाम्या बोटानं दाखवू लागले. कातडी कानाकडे कशी ताणायची, रेझर किती तिरपा धरायचा, केस ज्या बाजूनं उगवतो त्याच बाजूनं कसं जायचं. आरशात दोन पांढरे जबडे शेजारी शेजारी दिसत होते. अर्पितानं रेझर लावला. पहिल्या ओढीला तिनं तो पुन्हा दाबलाच.

"सोड. पुन्हा. लेखणी धरतो तसं."

दुसऱ्या ओढीला बारीक, कोरडा आवाज झाला. तिनं गालावरून बोट फिरवलं आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"अर्पे!" द्वारकाबाई सूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "हे काय करून राह्यली? आन तेबी आजच्या दिवशी? जाड येतील ते, माय!"

"नाई येत, आई. मी दोन महिन्यांपासून करून राह्यली. तुले जाड दिसले का?"

समोरच्या अंगणात जयवंताबाई झाडायची थांबून इकडे पाहत होती. द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि त्या लगबगीनं फाटक लावायला गेल्या. पत्र्याचं फाटक अर्धं ओढलं गेलं, तशी आरशावर सावली आली.

"राहू दे, आई," अर्पिता म्हणाली. "उजेड पायजे."

द्वारकाबाई कडी धरून उभ्या राहिल्या. जयवंताबाईकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग कडी सोडून आत गेल्या. थोड्या वेळानं गरम पाण्याचा तांब्या घेऊन परत आल्या, तो स्टुलाजवळ टेकवला आणि पुन्हा पोह्यांकडे वळल्या.

दुपारच्या सुमारास वणीची माणसं आली. मुलाचं नाव हर्षदीप; तो एका पतसंस्थेत नोकरीला होता, अंगानं किरकोळ, बोलायला लाजरा. सोबत त्याचे वडील आणि बहीण. पोहे झाले, दोन्हीकडची नाती जुळवून झाली. मग मोठ्यांनी दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. चंपतरावांना बसल्या जागेवरून दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या. मधे बराच वेळ दोघंही हलले नाहीत. मग वणीचे लोक उठले, नमस्कार केला, "फोनवर कळवतो" म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी अर्पिता कपबशा विसळत होती. चंपतराव जवळ येऊन उभे राहिले. विचारायचं होतं, पण त्यांनी नुसतीच एक बशी उचलून पुसायला घेतली.

"मी त्याले सांगितलं, बाबा."

"काय?"

"दाढीचं."

तिनं तोच शब्द वापरला. चंपतरावांचा फडका बशीवर फिरायचा थांबला.

"मंग?"

"काई नाई बोलला. खाली पाहत राह्यला. मंग चहा पिला."

"सारा?"

"सारा." आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली. "बशीत सांडलेलाबी."

दुसऱ्या दिवशी वणीहून फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. द्वारकाबाई मोबाइल पदराला बांधल्यासारखा जवळ घेऊन फिरत होत्या. अर्पिता मात्र नेहमीसारखी ऑफिसला जात होती आणि येऊन चहा घेत साऱ्या गोष्टी सांगत होती. बाजाराच्या दिवशी स्कूटी काढता काढता तिनं मागं वळून पाहिलं.

"बाबा, बाजारात गेले तर मले एक रेझर आनजा. तुमच्यासारखा."

"कोनासाठी म्हणून सांगू?"

तिनं हेल्मेटचा पट्टा लावला. "माझ्यासाठीच म्हणा."

देवानंदाच्या दुकानात गर्दी होती. चंपतराव लोकांमधून वाट काढत गल्ल्यापर्यंत पोचले.

"एक स्टीलचा रेझर दे. एका पात्याचा."

"काऊन सर, भाच्याले तो नाई जमला का?"

"भाचा कोनी नोयता." त्यांचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा स्पष्ट निघाला. "अर्पितासाठी पायजे."

बाजूला तेलाची बाटली पुढं करणारा माणूस तसाच थांबला. कोणीतरी खाकरलं. देवानंदानं एकदा सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पाठमोरा होऊन वरच्या फळीवरून एक डबी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली. उघडून रेझर दाखवला. मग सवयीनं त्याचा हात गल्ल्याखालच्या वर्तमानपत्रांकडे गेला. बायका हळूच मागतात त्या पुड्यांना गुंडाळतो, तसा एक कागद त्यानं डबीभोवती घेतला.

"कागद नोको," चंपतराव म्हणाले.

"सर, असाच?"

"असाच."

देवानंदानं कागद बाजूला केला. चंपतरावांनी डबी हातात घेतली. खांद्याला पिशवी रिकामीच होती, पण ती तशीच राहू देऊन ते भर बाजारातून घराकडे चालू लागले.