एका माणसापुरता खड्डा

सराव आहे, कुणी घाबरू नये, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता. मे महिन्यातले ते दिवस. सीमेवर तणाव होता आणि ठिकठिकाणी हवाई हल्ल्याचे सराव चालले होते. धायरीतल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी आमोद साने यांना अशा गोष्टींची भारी हौस. त्यांनी कुठून तरी हाताने फिरवायचा भोंगा पैदा केला आणि बरोब्बर चार वाजता गच्चीवर उभं राहून जीव खाऊन फिरवला.

पूर्णिमा तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. दोन कप घेऊन ती बाहेर आली, तर वडिलांची खुर्ची रिकामी, दार सताड उघडं आणि चपला जागच्या जागी.

ज्ञानदेव ओव्हाळ त्र्याऐंशी वर्षांचे. कॅम्पातल्या लष्करी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. गुडघे इतके दुखायचे की लिफ्ट बंद असली तर ते पेपर आणायलाही खाली उतरत नसत. असा माणूस अनवाणी जाणार कुठे? पूर्णिमानं जिना पाहिला, पार्किंग पाहिलं, बाग पाहिली. गच्चीवरून साने ओरडले, "ताई, सराव चालू आहे. घरात बसायचं असतं!"

"तुम्ही बसा ना मग," असं म्हणून ती फाटकाबाहेर धावली.

समोरचा रस्ता महिनाभर खणून ठेवलेला होता. कशासाठी खणला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात एके ठिकाणी छातीइतका खोल, अरुंद खड्डा होता. भोवती चार-पाच माणसं जमली होती. आत बाबा उकिडवे बसले होते, दोन्ही हातांनी डोकं झाकून, आणि मोठमोठ्यानं हाका मारत होते, "माय! माय!"

म्हातारपणी माणसाला आई आठवते हे तिनं ऐकलं होतं, पण बाबांच्या तोंडून त्यांच्या आईचं नावसुद्धा वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. ती खड्ड्याच्या काठावर गुडघ्यावर बसली. "बाबा, मी पूर्णी. चला, वर या."

"तू येऊ नकोस," ते म्हणाले. "इथं एकाचीच जागा आहे."

शेवटी शेजारच्या दुकानातल्या दोघांनी त्यांना काखेत धरून वर काढलं. एका पायाला खरचटलं होतं. घरी आल्यावर पूर्णिमानं पाय धुऊन हळद लावली, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "माय म्हणजे आई नव्हे. नाव होतं तिचं. माय. त्यांच्याकडे पिवळ्या फुलाला म्हणतात."

"कुणाकडे?"

"हनोईला."

बाबा तरुणपणी दीड वर्ष व्हिएतनामला होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर एक धूसर फोटो होता, त्यात शर्टाच्या बाह्या दुमडलेले बाबा टाइपरायटरमागे बसलेले. "हवा दमट होती" यापलीकडे ते कधी काही सांगत नसत. त्या संध्याकाळी मात्र ते थांबेनात. बसायचे, उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे आणि मध्येच सांगायचे.

चोपन्न साली त्या देशाचे दोन तुकडे झाले, वर साम्यवाद्यांचं राज्य आणि खाली त्यांच्या विरोधकांचं. करार पाळला जातो की नाही हे बघायला भारत, कॅनडा आणि पोलंड यांचा एक आयोग नेमला. अध्यक्षपद भारताकडे. त्या आयोगाच्या हनोईतल्या कचेरीत टायपिंगला म्हणून सहासष्ट साली बाबा गेले. वय चोवीस. माय ही तिकडच्या सरकारनं दिलेली दुभाषी. बाबांपेक्षा एक वर्षानं मोठी.

"मूळची ती दक्षिणेतली," बाबा म्हणाले. "फाळणी झाली तेव्हा साम्यवादी चळवळीतल्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना जहाजात घालून उत्तरेला नेलं. ही तेरा वर्षांची. बंदरावर हिची आई उभी होती. सगळ्यांनी जहाजावरून अशी दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. दोन वर्षांनी निवडणूक होणार, देश एक होणार आणि आम्ही घरी येणार."

"मग?"

"निवडणूक झालीच नाही. मी गेलो तेव्हा त्या दोन वर्षांची बारा झाली होती. सुरुवातीला आईचं पोस्टकार्ड यायचं, मग तेही बंद. मला म्हणायची, तुमचं विमान तर दोन्हीकडे जातं, तुम्हाला काय कठीण आहे? मी म्हणायचो, आयोगाच्या माणसाला चिठ्ठी नेता येत नाही. नियम आहे. ती म्हणायची, नियम तुम्ही किती छान टाइप करता."

तिला मराठी येत नव्हती, तरी आपल्या घरात कुणी तरी टोमणा मारावा तशी ती बोलायची, असं बाबांना वाटे. आपण धर्म बदलून जेमतेम दहा वर्षं झाली आहेत, हे त्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं होतं. तिची आई पिढ्यानपिढ्यांची बुद्धाला हात जोडणारी, ही मात्र पक्षाच्या शाळेत वाढलेली. विहारात जायची वेळ आली की ती बाहेर फाटकाशी थांबे आणि बाबांना आत पाठवी. आत काय बघितलं ते मात्र बारकाईनं विचारून घेई.

सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये अमेरिकन विमानं हनोईच्या मोठ्या पुलावर येऊ लागली. शहरभर फुटपाथवर सिमेंटचे गोल खड्डे केलेले होते, एका माणसानं उभं राहावं एवढे, वर झाकण. कर्ण्यावरून विमानं किती किलोमीटरवर आहेत ते सांगत. त्या दिवशी कर्णा तीस म्हणाला, मग एकदम दहा. बाबा आणि माय रस्त्यात. जवळ एकच खड्डा मोकळा होता.

"तिनं मला ढकललं," बाबा म्हणाले. "मी नको म्हणालो नाही, पूर्णे. तिनं झाकण लावलं. मग जमीन हलली. बाहेर आलो तेव्हा सगळीकडे धूळ. टायरच्या तळाची एक चप्पल पडलेली. तसली सगळेच घालायचे."

"ती कुठे होती?"

"माहीत नाही. मी चालत कचेरीत गेलो. तीन दिवसांनी विमान होतं, माझी बदली आधीच झाली होती. तीन दिवस होते. कुणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही."

पूर्णिमानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते पटकन म्हणाले, "आणि तूही आता काही शोधत बसू नकोस. सांगून ठेवतो."

त्यानंतर पूर्णिमाला चैन पडेना. पस्तीस वर्षं तिनं सरकारी नोकरीत काढली होती. अर्धवट फाइल टेबलावर असली की तिला जेवण जात नसे, आणि ही तर साठ वर्षांची अर्धवट फाइल. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, सिंहगड रोडच्या सिग्नलला तिला ती चप्पल दिसायची. बाबांकडे बघितलं की रागही यायचा. आयुष्यभर हा माणूस घरात कुणाशी दोन शब्द मोकळे बोलला नाही. आईनं किती वेळा विचारलं असेल, काय झालंय तुम्हाला म्हणून. आई तर न कळताच गेली.

आठव्या दिवशी तिनं मुलीला फोन लावला. वल्लरी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिच्या टीममध्ये तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेली एक व्हिएतनामी मुलगी होती, थुई नावाची.

"आई, आबा नको म्हणालेत ना?" वल्लरी म्हणाली. "इट्स हिज कॉल."

"त्यांचा कॉल साठ वर्षं चाललाय. मला पुरे झाला."

शनिवारी पूर्णिमा दोन बस बदलून हिंजवडीला गेली. कॅन्टीनमध्ये थुईनं सगळं ऐकून घेतलं. पूर्ण नाव विचारलं. बाबांच्या बोलण्यात ओझरतं आलेलं पूर्णिमानं सांगितलं. ट्रान थी माय. बंदर क्वी न्होन. थुई म्हणाली, दक्षिणेतून नेलेल्या त्या मुलांच्या शाळा होत्या, त्या शाळांतली माणसं आता म्हातारी झाली आहेत, पण अजून एकमेकांना धरून आहेत. त्यांचे ग्रुप आहेत. ती तिथे लिहील. मग तिनं सरळच विचारलं, वल्लरीनं मराठीत करून सांगितलं, "ती म्हणतेय, त्या मेल्या असतील तर आबांना सांगणार का?"

पूर्णिमानं पर्स उचलली आणि परतीच्या बसची वेळ विचारली.

ग्रुपवरून उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत ती बाबांसमोर फोन उलटा ठेवू लागली. वाजला की उचलून गॅलरीत जायची. एकदा बाबा म्हणालेच, "या वयात काय प्रेमप्रकरण आहे का?"

वल्लरीचा फोन आला तेव्हा पूर्णिमा दळण घेऊन लिफ्टमध्ये होती. मायच्या भाचीनं लिहिलं होतं. माय त्या दिवशी मेली नव्हती. एका झाडाच्या बुंध्याशी आडवी पडली होती, डावा कान कायमचा गेला, एवढंच. पंचाहत्तर साली युद्ध संपल्यावर ती घरी गेली. दोन वर्षं म्हणून निघालेली, एकवीस वर्षांनी पोचली. पुढे शाळेत इंग्रजी शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी गेली, पलंगावर, माणसांत.

लिफ्ट थांबली, दार उघडलं, पुन्हा बंद झालं. पूर्णिमा आतच उभी.

घरात येऊन तिनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाबा ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. रडतील असं तिला वाटलं होतं, पण ते भडकले.

"जिवंत होती? मग कुणी मला सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार, बाबा? तुम्ही विचारलं का?"

"मी साठ वर्षं..." ते उठले, खोलीभर फिरले, टेबलाला अडखळले. "तुझ्या आईबरोबर मी कधी हसून फोटोसुद्धा काढला नाही! आणि ही तिकडे शाळेत शिकवत होती?"

"तिनं काय करायला हवं होतं? मरायला?"

हे बोलून पूर्णिमा स्वतःच चरकली. बाबा धपकन खुर्चीत बसले. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आई भेटली का तिला?"

ते पूर्णिमानंही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी थुई आणि वल्लरी धायरीला आल्या. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. फोनच्या पडद्यावर पन्नाशीची एक बाई आली, मागे उन्हाचं अंगण. भाची. बाबांनी नमस्कार केला आणि लगेच तोच प्रश्न विचारला. थुईनं तो तिकडे पोचवला.

आई भेटली होती. पण आईजवळ राहिलेला मायचा धाकटा भाऊ दक्षिणेच्या सैन्यात होता. नव्या सरकारनं त्याला कैदेच्या छावणीत पाठवलं. आईचं म्हणणं, हे सरकार तुझ्या माणसांचं, तूच सोडव त्याला. मायनं अर्ज केले, खेटे घातले. चार वर्षांनी तो सुटला. तोवर आई तिच्याशी बोलत नव्हती. तो आला त्या दिवशी आईनं तिला जेवायला वाढलं. "तो माझा बाप," भाची म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग चाचरत विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही म्हणाली?"

भाचीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाव नाही आठवत. पण आत्या परदेशी लोकांबद्दल सांगायची. फार सभ्य असतात म्हणायची, आणि पळायला फार मंद.

हे थुईनं सांगताना जरा घाबरतच सांगितलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या घशातून विचित्र आवाज निघाला. पूर्णिमा पाण्याला धावली. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. "खरं आहे," ते म्हणाले. "सांग तिला, अगदी खरं आहे."

बाबांना आता बरं वाटेल, दुपारी ते शांत झोपतील, असं पूर्णिमाला वाटलं होतं. कसचं काय! पोरी जाताच त्यांनी जुनी डायरी मागितली. तीन वाजता ते टेबलाशी बसून लिहीत होते.

"हे काय आता?"

"कचेरीचा ड्रायव्हर होता. बाक त्याचं नाव. त्याची बायको बाळंत व्हायची होती. आणि खानसामा. एक पोलिश कॅप्टन, तो रात्री रडायचा. आपला एक पंजाबी हवालदार, त्याला मी उलट बोललो होतो." त्यांनी मान वर केली. "वल्लरीला फोन लाव. ती मुलगी अजून किती दिवस आहे इथं?"

"बाबा, हे सगळे नव्वदीला टेकले असतील."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले, "उशीर नको."

पूर्णिमानं डोक्याला हात लावला आणि फोन शोधायला उठली.