चिमण्यांची वेळ

मी एक जुना दरवाजा आहे मित्रांनो; पण उघडणारा नव्हे, फिरणारा. माझ्या पुरुषभर उंच मधल्या खांबाला चारही बाजूंनी, खालपासून वरपर्यंत, आडवे लोखंडी हात आहेत. माणसाने तिकीट दाखवायचं, हात ढकलायचा, की मी थोडा फिरतो आणि त्याला आत सोडतो. माझ्या पोटात एक दातेरी चाक आहे आणि त्याच्या दातांत अडकणारी एक खीळ. ती मला उलटं फिरू देत नाही.

कोलंबियातल्या आंतियोकिया प्रांतात, कॉफीची फळं सोलायची यंत्रं बनवणाऱ्या एका फौंड्रीत मला ओतलं. ती यंत्रंही एकाच बाजूला फिरतात. बी पुढे जाते, साल मागे पडते. माझ्या कारागिराने आयुष्यभर तीच यंत्रं ओतली होती. दरवाजा बनवायला सांगितल्यावर त्याने फारसा फरक केला नाही.

तिथून मला बैलगाडीने सान ब्लास या गिरणीच्या गावी आणलं. मी यायच्या आधी तिथल्या मैदानाला भिंत नव्हती. लोक टेकडीच्या उतारावर बसून फुटबॉल बघत. खेळाडू हौशी म्हणवले जात, म्हणजे गिरणीच्या पटावर विणकर आणि रविवारी हाफबॅक. मागाला हात न लावता पगार घेत, आणि कोणी विचारत नसे. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली देशाची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि हे झाकलेलं उघड झालं. आता खेळ हेच काम. यात वाईट काही नव्हतं. पण खेळ विकायचा तर त्याला भिंत लागते. सान ब्लासच्या क्लबला दुसऱ्या वर्षी लीगमध्ये जागा मिळाली, ती याच अटीवर की मैदान बंदिस्त हवं.

भिंत बांधली ती कोनवितेने. त्या डोंगरात रस्ता असो, शाळा असो, चर्चचा जिना असो, सगळं कोनवितेनेच उभं राहतं. रविवारची प्रार्थना आटोपली की घरटी एक माणूस येतो, आपली वीट आपण आणतो, आणि दुपारी सगळे एकाच पातेल्यातलं जेवतात. कोनवितेत मजुरी नसते आणि कागदही नसतो. शेजाऱ्याकडून लिहून घेणं म्हणजे त्याचा अपमान करणं. सान ब्लासच्या लोकांची चूक शोधायची असेल तर ती इथे आहे.

क्लबचा अध्यक्ष गिरणीचा मॅनेजर होता, सालदारियागा नावाचा. तो कसलाच डॉक्टर नव्हता, पण त्या देशात टाय लावणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. विटांच्या ढिगावर उभा राहून तो म्हणाला, “सान ब्लासकरांनो, भिंत तुमची आहे. प्रत्येक मॅचचा शेवटचा पाव तास मोठं फाटक सताड उघडं राहील. तिकीट नाही, काही नाही. देवाच्या चिमण्यांना दाणे टिपायला कोण तिकीट लावतं?”

“लिहून द्या की, डॉक्टर!” मागून एकजण ओरडला.

लोक त्यालाच हसले. “बघा, वकीलसाहेब आले! तुझ्या लग्नात आम्ही जेवलो तेव्हा पावती घेतली होतीस काय रे?”

त्या दिवशीचं जेवण एदेल्मिरा नावाच्या विधवेने रांधलं होतं. गाव तिला मानाने मिसिया एदेल्मिरा म्हणे. एरवी ती एम्पनादा, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या करंज्या, तळून विकायची, आणि मला बसवल्यावर तिने आपली शेगडी माझ्यासमोरच मांडली. तिचा एकुलता मुलगा नेपोमुसेनो, म्हणजे नेपो, क्लबचा डावा हाफबॅक होता. मला सांभाळायला एव्हेलियो हा गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा होता. तो दर शनिवारी मला तेल घाली.

“मिसिया, तिकीट काढ एकदा,” एव्हेलियो तिला चिडवायचा. “पोरगा पहिल्या अर्ध्या तासातही बरा खेळतो.”

“पोराला बघायला तिकीट? घरी जेवताना, घोरताना फुकट दिसतो मला.”

शेवटचा पाव तास आला की एव्हेलियो माझ्या शेजारचं मोठं लाकडी फाटक उघडायचा. एदेल्मिरा कढई उतरवून एप्रनला हात पुसत आत जायची आणि डाव्या कोपऱ्यातल्या निशाणापाशी उभी राहायची. तिच्यामागे चांभार, हमाल, मोलकरणी, पोरंटोरं, सगळे आत शिरत. या पाव तासाला गाव चिमण्यांची वेळ म्हणू लागलं. नेपोला फाटकाची करकर ऐकू आली की तो दुप्पट धावायचा. तिकीट काढून बसलेले ओरडत, “अरे, आई आली वाटतं! आमच्या पैशांचा कधी धावणार?” तेव्हा ते हसत म्हणत.

पुढच्या वर्षी हसणं कमी झालं. अर्जेंटिनात खेळाडूंचा संप झाला होता, आणि आमच्या क्लबांनी तिथले नामवंत खेळाडू त्यांच्या क्लबांना न विचारता उचलून आणले. जागतिक संघटनेने आमच्या लीगला वाळीत टाकलं. वाळीत पडलेल्याला कसली आडकाठी? उरुग्वेचे आले, पेरूचे आले, पार इंग्लंडहून आले. त्या काळाला लोक अजून सुवर्णकाळ म्हणतात. मीही त्याचा साक्षीदार आहे. मेदेयीन शहरातून बस भरभरून लोक येत. माझे हात घासून घासून चकाकू लागले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, पुढे हॅटवाल्यांची रांग, आणि खाली लिहिलं होतं, “सान ब्लासचं प्रगतीचं दार.” एदेल्मिराची शेगडी फोटोतून कापली होती.

नेपोच्या जागी अर्जेंटिनातल्या रोसारियोचा एक हाफबॅक आला. तो चांगला खेळे, हे मला मान्य केलं पाहिजे. एकदा तो एम्पनादा खाऊन म्हणाला, “आमच्याकडे यात मांस जास्त असतं, सेन्योरा.”

“असेल बाबा. मग एवढं खाऊन पळता कसं येतं, ते रविवारी दाखव.”

तो मनापासून हसला. नेपो मात्र मागावर परत गेला, या खेपेला खरोखर काम करायला. एदेल्मिरा तरीही चिमण्यांच्या वेळी आत जायची. “बघते, त्याच्या जागेवर कोण उभं आहे ते,” म्हणायची.

मग चिमण्यांची वेळ झडू लागली. आधी पाव तासाची दहा मिनिटं झाली. मग निकाल लागल्यासारखा असेल तरच फाटक उघडायचं, असं ठरलं. शेवटी डॉक्टरने फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. एदेल्मिराने त्याला माझ्यासमोरच गाठलं.

“डॉक्टर, फाटक का बंद?”

“मिसिया, लोक मुद्दाम त्या पाव तासासाठी थांबतात. तिकीट कोण काढणार?”

“थांबतातच. तुम्हीच सांगितलं होतं थांबायला.”

“तुमचा प्रश्न असेल तर हा घ्या पास. कायमचा. समोरच्या रांगेत बसा.”

तिने पासाला हात लावला नाही. “पास पाहुण्याला देतात, डॉक्टर. आणि मी आत जाऊन बसले, की उद्या तुम्ही या सगळ्यांना सांगाल, बघा, मिसियाची काही तक्रार नाही.”

त्या दिवसापासून ती एकदाही आत गेली नाही.

चोपन्न साल आलं. पेरूतल्या लिमा शहरात आमच्या लीगचा पूर्वीच करार झाला होता की परदेशी खेळाडू या वर्षी आपापल्या देशी परत जातील. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर मेदेयीनच्या बसही गेल्या. क्लबकडे जेमतेम संघ उरला. गिरणीच्या मालकांनी बजावलं होतं की क्लब लीगमध्ये तळाला गेला तर पुढच्या वर्षी पाठिंबा नाही. सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. तेव्हा डॉक्टरला नेपो आठवला.

नेपोच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते. तो डॉक्टरला माझ्यापाशी भेटला. म्हणाला, “खेळतो. पैसे द्या, नका देऊ. पण शेवटचा पाव तास फाटक उघडायचं. आईने मला पाच वर्षांत खेळताना पाहिलेलं नाही. ही माझी शेवटची मॅच.”

“शब्द,” डॉक्टर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. नेपोने तो हातात घेतला. कोनवितेत वाढलेला माणूस दुसरं काय करणार?

त्या रविवारी एदेल्मिराने शेगडी लावलीच नाही. ती काळा झगा घालून आली. भिंतीबाहेर जुन्या चिमण्याही जमल्या होत्या. आत दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. पाव तास उरला तेव्हा एव्हेलियो किल्ली मागायला वर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

“मिसिया, डॉक्टर म्हणतात आज नको. लीगचा निरीक्षक शेजारी बसलाय. पुढच्या रविवारी नक्की.”

“आज शेवटची मॅच आहे, एव्हेलियो.”

“मी सांगितलं तसं.”

“मग?”

“म्हणाले, तू दाराकडे बघ.”

एदेल्मिरा माझ्या हातांना धरून उभी राहिली. मैदानावर नेपो कोपऱ्यातल्या निशाणाकडे पुन्हा पुन्हा बघत होता. करकर झाली नाही. थोड्या वेळाने तो चेंडू सोडून चालू लागला. बाकीच्यांना वाटलं, पाय मुरगळला असेल. तो रेषेबाहेर आला, बाकांमधून वाट काढत थेट माझ्यापर्यंत आला आणि त्याने आतून मला ढकललं. मी हललो नाही. त्याने खांदा लावला. खीळ दातात घट्ट बसली.

“अरे मूर्खा, मॅच चालू आहे ना?” एदेल्मिरा म्हणाली.

“चालू आहे.”

“मग इथे काय करतोस?”

“वेळ झाली, आई. तू आली नाहीस, म्हणून मी आलो.”

“फार शहाणा. जा परत.”

“त्यांनी शब्द दिला होता.”

“शब्द मलाही दिला होता. मी कुठे खेळ सोडून आले? जा म्हणते ना!”

तेवढ्यात आत आरडाओरडा झाला.

“कोणी मारला?”

“त्यांनी.”

“कुठल्या बाजूने?”

नेपोने मागे वळून पाहिलं. “माझ्या.”

तिने माझ्या दोन हातांमधून आपला हात आत घातला आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. क्लबच्या शर्टातला मुलगा तिने पाच वर्षांनी पाहिला, तो असा, उभा.

आम्ही ती मॅच हरलो. क्लब तळाला गेला, गिरणीने हात काढून घेतला आणि महिन्याभरात क्लब बंद झाला. गावाने एकमुखाने नेपोला दोष दिला. मित्रांनो, हे भिंतीच्या आतल्यांनीच केलं असं समजू नका. जे बाहेर माझ्यासमोर उभे होते, ज्यांच्यासाठी फाटक मागितलं होतं, त्यांनीसुद्धा. चांभाराने त्याचे बूट शिवायचं नाकारलं. त्याच्या घराच्या दारावर कोणीतरी डांबराने ‘गद्दार’ लिहिलं. एदेल्मिराच्या एम्पनादा कोणी विकत घेईना. दुसऱ्या वर्षी नेपो व्हेनेझुएलातल्या तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. तिथून तो परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. डॉक्टरला मात्र गावाने निरोपसमारंभ केला.

एक गोष्ट गावाला कधीच कळली नाही. ती मला माहीत आहे, पण मला कोणी विचारलं नाही. त्या मॅचच्या आधीच्या आठवड्यात समुद्रकाठच्या एका शहरातून दोन माणसं आली होती. डॉक्टरने त्यांना मैदान दाखवलं. लीगमधली आमची जागा, शर्टाचे रंग आणि दारावरचा मी, एवढं त्यांनी घ्यायचं ठरवलं होतं. एकाने टेप लावून माझी उंची-रुंदी घेतली, पेटी बनवायला. म्हणजे नेपो शेवटपर्यंत खेळला असता, जिंकला असता, तरी क्लब जाणारच होता. जो क्लब विकून झाला होता, तो बुडवल्याचा दोष त्या माणसाने आयुष्यभर वाहिला.

आता मी त्या शहराच्या स्टेडियममध्ये, क्लबच्या दुकानात उभा आहे. इथे हवा थंड ठेवतात, गंज चढत नाही. लीग मोठी झाली आहे. मॅच दूरचित्रवाणीवर दिसते, शर्टावर जागा उरत नाही इतकी नावं असतात. माझ्या शेजारी पितळी पाटी आहे: “क्लबचा पहिला दरवाजा. यातून सामान्य माणूस फुटबॉलमध्ये आला.” मुलं मला फिरवून बघतात. त्यांचे आईबाप फोटो काढतात. माझी निगा कशी राखावी हे सांगायला वर्षातून एकदा तज्ज्ञ येतो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मित्रांनो, मला फार जपलं आहे. लोखंडाला तेल घालणारे हात नेहमीच मिळतात. तुम्हाला सांगायचं ते वेगळंच आहे. उद्या तुमच्याही गावात कोणीतरी विटांच्या ढिगावर चढून म्हणेल, भिंत तुमची आहे. जरूर जा, वीट वाहा, सगळ्यांबरोबर जेवा. पण किल्ली कोणाच्या खिशात राहणार, हे भिंत पुरी व्हायच्या आत विचारा. नंतर विचारणारे बाहेर उभे असतात, आणि त्यांचा आवाज आत पोचत नाही.