रिकाम्या खुर्चीचा ट्रे

मी एक जुना लाकडी ट्रे आहे, मित्रांनो. माझ्या मधोमध एक करपलेला डाग आहे. तो दिसला की पाहुणे नजर फिरवतात.

हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनी या वस्तीत राहणारी निवेदिता ही मल्हाररावांची थोरली मुलगी. मल्हारराव गेले त्याच वर्षी तिने मला पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. धाकटी बहीण शिखा हिच्या वास्तुशांतीला तिला हाताने रंगवलेली भेट द्यायची होती. कडेने वेलबुट्टी, मधे पलंगावर आजारी बाबा, उशाशी औषधाचा चमचा धरलेली निवेदिता. पलंगापलीकडे तिने एक खुर्ची काढली आणि रिकामीच ठेवली. ती रंगवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

हरिशंकरपुरम वस्तीतल्या शिखाच्या नव्या घरात माझे फार कौतुक झाले. पाहुणे पांगल्यावर शिखाने बहिणीला स्वयंपाकघरात बोलावले.

"ही खुर्ची कुणाची?"

"तुझी. बाबा गेले तोवर रिकामीच होती."

"छुट्टी लेती तो मेरी नौकरी चली जाती, ताई. तुला माहीत होतं."

"माहीत होतं," निवेदिता म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

शिखाने गॅसवरची तापलेली कढई उचलली आणि रागाच्या भरात माझ्यावर आदळली. खुर्ची वाचली. बाबांचा चेहरा करपला. कढई बाजूला केल्यावर तिला ते दिसले, आणि ती ओट्याला टेकून खाली बसली.

पुढच्या आठवड्यात तिने मला निवेदितापुढे नेऊन ठेवले. निवेदिताने तिला नाही नाही ते सुनावले. तू बाबांना दुसऱ्यांदा मारलंस, असेही म्हणाली. शिखा जागची हलली नाही. शेवटी निवेदिता ब्रश घेऊन बसली. तोच खंगलेला चेहरा पुन्हा काढू लागली, पण जमेना. काढायची आणि पुसायची.

"आजारातला नको," मागून शिखा म्हणाली. "हसताना त्यांची डावी भुवई वर जायची. तशी काढ."

निवेदिताचा हात थांबला. आजाराआधीचे बाबा ती विसरूनच गेली होती. मान वर न करता तिने भुवई काढली. बाबा हसले, पण डाग पुरता झाकला गेला नाही. खुर्चीला तिने हात लावला नाही, शिखानेही तिथे आपल्याला काढ म्हणून विनवले नाही. मला काखेत मारून शिखा निरोप न घेता निघाली.

आजही दोघी सणावारी भेटतात आणि कामापुरते बोलतात.

मित्रांनो, आपल्या माणसाला स्वतः चित्र काढून भेट जरूर द्या. पण त्याच्यावर राग असेल, तर तो आधी तोंडाने सांगून टाका. माझ्यावरून आजवर चहाचा एक कपही कुणाकडे गेलेला नाही.