ताईचा पूर्वार्ध

माझी बहीण कुमुदताई सोमवारी दुपारी कादंबरीच्या पूर्वार्धात राहायला गेली. जाताना तिने चहाचं पातेलं विसळून पालथं घातलं, गॅस बंद केला आणि मला म्हणाली, "रोहे, कढी संपव, नासेल." मग ती आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मी वाळलेले कपडे ठेवायला गेले तर खोली लांब झाली होती. पलंगापलीकडे भिंत असते तिथे माळ होता. माळावर तंबू होते, आणि त्यांतल्या एका तंबूपाशी ताई कुणाशी तरी बोलत उभी होती. ऊन लागत होतं म्हणून तिने कपाळावर हात धरला होता.

मला नवल वाटलं नाही, चीड आली. कढी मला आवडत नाही, हे तिला माहीत आहे.

पुस्तकाला पूर्वार्ध कुठून आला ते सांगते. आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा नियम असा, की एका घराला एका वेळी एकच पुस्तक. आणि आम्हां दोघी बहिणींना लागतात ती पुस्तकं एकाच जातीची. पेशवाईतली, पोट धरून हसायला लावणारी, ज्यांत एक लग्न जुळतं आणि एक चोरी उलगडते. अशा पुस्तकांना रांग असते. शनिवारी ते परत गेलंच पाहिजे. म्हणून परकरात होतो तेव्हापासून आम्ही पुस्तक घरी आणलं की शिलाईवरून ब्लेड फिरवतो आणि त्याचे दोन भाग करतो. थोरली म्हणून पूर्वार्ध ताईचा, उत्तरार्ध माझा. वाचून झाले की अदलाबदल. शनिवारी सकाळी ताई दाभणाने दोन्ही भाग शिवते, पाठीला खळ लावते, आणि पुस्तक होतं तसं दिसतं.

त्यामुळे मला जन्मभर चोर आधी कळला आणि चोरी नंतर. वरात आधी बघायची, मग नवरानवरीची ओळख करून घ्यायची. वरातीमागून घोडं ते हेच. मी उतावळी आणि संशयी आहे असं आमचे नातेवाईक म्हणतात. ज्याने आयुष्यभर उत्तरार्ध आधी वाचले तो आणखी कसा होणार? ताई मात्र निवांत. तिची एकच अट कडक होती, शेवट सांगायचा नाही. मागे एकदा आमच्या मामेभावाने जेवताना चोराचं नाव सांगून टाकलं. ताईने तोंडातला घास गिळला, उठून पुस्तकाचा आपला भाग माझ्या पानाशेजारी आणून ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

या वेळची कादंबरी एका पगडीची होती. ऐन मोहिमेवर सरदारांची पगडी चोरीला जाते. उघड्या डोक्याने सरदार तंबूबाहेर येऊ शकत नाहीत, म्हणून लढाई सुरू होत नाही. शत्रूही सभ्य, तो समोर थांबून राहतो. चौकशीचं काम खंडोजी नावाच्या स्वाराकडे येतं. घोडा बघितला की त्याची पाचावर धारण बसते आणि दर प्रकरणात तो एकदा तरी खाली पडतो.

माझ्या भागाची सुरुवात मधूनच होती. ब्लेड काही मजकूर बघून चालत नाही. पहिलीच ओळ होती, "तेव्हापासून ती कुणाला दिसली नाही, आणि छावणीला तिची आठवणही राहिली नाही." ती म्हणजे कोण, हे आदल्या पानावर असणार, आणि आदलं पान ताईकडे. सोमवारी सकाळी मी ती ओळ ओलांडून सरळ पुढे गेले होते. दुपारनंतर मला ती ओळ बसू देईना. मी रात्रीच्या जेवणाआधी उत्तरार्ध पुन्हा वाचून काढला. त्यात सरदार होते, खंडोजी होता, हिराई नावाची बांगड्या विकणारी होती. कुमुद नावाची बाई कुठेच नव्हती.

मंगळवारी ताई पलंगापर्यंत आली आणि तिने लिंबाचं लोणचं मागितलं. पायांना धूळ लागली होती. चष्मा कुणीतरी लाल दोऱ्याने तिच्या गळ्यात अडकवून दिला होता.

"कोणी दिला दोरा?"

"खंडोजीरावांनी. वाकले की चष्मा पडतो म्हणून. स्वतः दिवसातून दोनदा घोड्यावरून पडतात, ते काही नाही." आणि ती हसली. घरात तिचं हसू असं बाहेर येत नसे.

"ताई, परत ये."

"संपला की येते ना. थोडाच राहिलाय."

"संपायच्या आत ये."

"का गं? तू शेवट वाचलायस ना? सांगू नकोस हं." तिने बरणी घेतली आणि ती माळावरून चालत गेली. तंबू कालच्यापेक्षा जवळ आले होते.

ताईला ही पुस्तकं का आवडतात हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, कारण मला ते ठाऊक होतं. तरुणपणी तिचा साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी साडी परत पाठवली. कारण पाठवलं नाही. आईने विचारून पाहिलं, मामाने विचारून पाहिलं, कुणी काही सांगितलं नाही. पुढे ताई एकदाच बोलली, तेही भाजी निवडताना. म्हणाली, "या पुस्तकांत निदान शेवटी सगळ्यांना एका जागी बसवून सांगतात तरी." हसवणं, लग्न, तलवारी, हे सगळं तिला वरचं होतं. तिला ती शेवटची बैठक हवी असे.

बुधवारी छावणी तिच्या खोलीत मावेना. दाराबाहेरच्या बोळात खुंट्या ठोकल्या गेल्या आणि न्हाणीघरापाशी दोन उंट बांधले. दुसऱ्या टोकाला माझी खोली आहे. तिथे माझा उत्तरार्ध उशाशी पडला होता, आणि त्या खोलीत शेवटच्या प्रकरणातल्या लग्नाचा मांडव पडला. पाहुणे येऊन बसले. मला माझ्याच पलंगावर जागा मिळेना. छावणी आणि मांडव यांच्या मधोमध, जिथे आम्ही घड्याळ लावलंय तिथे, बोळाचा एक पट्टा कोरा पांढरा झाला. त्याच्यात हात घातला की हात पांढरा होई. बाहेर काढला की पुन्हा माझा.

मी पांढरा पट्टा ओलांडून मांडवात गेले आणि एकेकाला विचारत सुटले. कुमुद नावाची बाई पाहिलीत का? चष्मा आहे, दोऱ्याने बांधलेला. पाहुणे नम्रपणे नाही म्हणाले. एकीने मला पेढा दिला. खंडोजी बोहल्याशेजारी उभा होता आणि बाशिंग त्याने गुडघ्याला बांधलं होतं.

"डोक्याला बसेना," तो म्हणाला.

"खंडोजीराव, कुमुद आठवते का?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. माणूस सरळ होता, तोंडदेखलं बोलत नव्हता. "नाही आठवत, बाईसाहेब," तो म्हणाला. "अधूनमधून वाईट वाटतं. कुणासाठी ते कळत नाही."

तेवढ्यात ताशा वाजला आणि त्याला बोलावलं गेलं. मी बोळात येऊन भिंतीला टेकले. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, हे वाईट.

गुरुवारी मी वाचनालयात गेले. ग्रंथपाल खांबेटे पुस्तकांवर फडकं मारत होते.

"मुदत वाढवून मिळेल का?" मी विचारलं.

"नाही. पगडीला रांग आहे." त्यांनी वर बघितलं. "पूर्वार्धात कोणी राहिलंय का?"

"तुम्हाला कसं कळलं, की आम्ही..."

"खळीचा वास मला येत नाही असं वाटलं काय, रोहिणीबाई? कोण राहिलंय?"

"माझी बहीण."

"उत्तरार्धात आहेत त्या?"

"नाहीत."

त्यांनी फडकं झटकलं. "मग शिवायच्या आत काढा. एकदा पुस्तक शिवलं की मागचं पुढच्याला लागतं, आणि पुढे त्या नाहीत."

"आणि नाही शिवलं तर?"

"तरी त्या वाचताहेतच ना. पान संपलं की संपलं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "वाचणाऱ्याला उठवायचा एकच उपाय असतो. तो तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होता. मी धावतच घरी आले. वाटेत दोघी ओळखीच्या भेटल्या, त्यांच्याशी धड बोललेही नाही. ताईचं पुस्तक मला नासवायचं होतं. लोणच्यासाठी हसत आलेल्या माझ्या बहिणीला मी चोराचं नाव सांगणार होते, म्हणजे ती उठेल, पुस्तक आणून माझ्यापुढे टाकेल आणि माझ्याशी बोलणार नाही. न बोलता का होईना, घरात राहील. मला तेवढं पुरलं असतं.

घराचं दार उघडलं तर छावणी स्वयंपाकघरापर्यंत आली होती. शिपाई तंबूतंबूची झडती घेत होते. गाद्या फाडत होते, पिठात हात घालत होते. आमच्या ओट्यावरचे डबेही त्यांनी उलटे केले होते. ताईचा तंबू पांढऱ्या पट्ट्याला लागून होता, शेवटचा. माळ आता संपला होता. आत ती चुलीपाशी बसली होती आणि समोरच्या तपेल्यावर झाकण होतं.

"ताई, मी शेवट सांगणार आहे."

"नको गं."

"पगडी खंडोजीने चोरली."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती उठली नाही. तिने लाकूड जरा मागे ओढलं, जाळ कमी केला.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने झाकण काढलं. तपेल्यात पगडी होती, लाल, जरीची, मोत्यांचा तुरा लावलेली. "लढाई होऊ नये म्हणून चोरली. घोड्याला घाबरतात ते खरंच. पण पोरं मरतील याला जास्त घाबरतात. ज्या दिवशी चोरली त्याच दिवशी मला येऊन सांगितलं. का चोरली तेही सांगितलं. मी विचारलंसुद्धा नव्हतं, रोहे."

बाहेर शिपाई शेजारच्या तंबूत शिरल्याचा आवाज आला. काखेत कळसा ठेवून सगळा गाव पालथा घालत होते ते. माझ्या हातात आणखी एक गोष्ट उरली होती. ती बोलताना मला माझीच लाज वाटली, तरी मी बोलले.

"उत्तरार्धात तो दुसरीशी लग्न करतो. मी मांडवात जाऊन आले. त्याला तू आठवत नाहीस."

चष्मा काढून ताईने पदराने पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"कशी आहे ती?"

"बांगड्या विकते. हसरी आहे."

"त्यांना सांभाळील?"

"सांभाळील. त्याने बाशिंग गुडघ्याला बांधलंय, ते तिने वर बांधलं असेल आतापर्यंत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. ते ठीक नव्हतं, तिच्या आवाजावरून मला कळलं. "आणि पगडी? शेवटी सापडते?"

"नाही. सगळं कळतं, पण पगडी सापडत नाही. लढाई राहते ती राहतेच. शत्रू लग्नाला जेवायला येतो."

"सापडली असती तर?"

"तर लढाई झाली असती."

"म्हणजे कोणीतरी ती घेऊन गेलं असणार." असं म्हणून तिने दोन्ही हातांनी पगडी तपेल्यातून उचलली. जरीला राख लागली होती, ती तिने फुंकून टाकली. 'तेव्हापासून ती कुणाला दिसली नाही,' ही माझ्या भागाची पहिली ओळ मला आठवली.

"तूच कशाला? दुसरी कुणी नाही का एवढ्या छावणीत?"

"दुसऱ्या कुणाला कुठे आहे ते माहीत नाही." तिने पगडी डोक्यावर ठेवली. ती तिला मोठी झाली आणि कानांवर बसली. एरवी मी हसून हसून लोळले असते.

तंबूच्या मागच्या बाजूला खंडोजीचा घोडा बांधला होता. पांढरा, रागीट, त्याला पाडणारा. ताई आयुष्यात स्कूटरवर कधी बसली नव्हती. ती रिकिबीत पाय घालून वर चढली, साडी सावरली आणि खोगिरावर नीट बसली. घोडा शांत उभा राहिला. त्याचं तोंड पांढऱ्या पट्ट्याकडे होतं. नाकपुड्या पट्ट्यात गेल्या होत्या, त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

मी पुढे होऊन लगाम धरला.

"ताई, मला एकटीला त्या घरात करमायचं नाही. सरळ सांगते. मला भीती वाटते."

"मला माहीत आहे," ती वरून म्हणाली. "सोड, ते आले."

मागे तंबूचं कापड फाडल्याचा आवाज झाला. कुणीतरी "मिळाली, मिळाली" म्हणून ओरडलं, मग म्हणालं, "तपेलं रिकामंय." घोड्याची मान पट्ट्यात शिरली. लगामाचा पुढचा भाग दिसेना, पण तो ताणलेला होता, ओढ लागत होती. माझी मनगटं पांढरी झाली.

"रोहे, सोड म्हणते ना."

"नाही सोडत," मी म्हणाले, आणि घोडा चालू लागला.