अजानेनंतरची चार मिनिटं

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट. माझी फीत तुटली आहे आणि उरलेल्या फितीवर बुरशी आहे. त्यामुळे मित्रांनो, मला हे नीट सांगता येईल की नाही, याची मलाच खात्री नाही.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या शाझली मास्तरांनी मला विकत घेतलं ते 'इन्स्पेक्टर कम्मून'साठी. विनोदी गुप्तहेराची ही मालिका रमजानात लागायची, पण मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानेआधी. त्या वेळी बायका चुलीपाशी आणि पुरुष पावाच्या रांगेत. बघणार कोण? चोराला बेड्या घालण्याआधी त्याच्याकडेच चहा मागणारा हा कम्मून फारच थोड्यांना माहीत झाला.

त्या थोड्यांत मास्तर होते, त्यांचे शिंपी मित्र हेदी होते आणि आणखी तिघे. मास्तर रोज भाग माझ्यावर उतरवून घेत आणि रात्री पाचही जण तो हेदींच्या दुकानात बघत. हसून हसून हेदींच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडत. तेच माझं कौतुक.

शेवटच्या भागात तेलघाण्यातल्या चोरीचा उलगडा व्हायचा होता. कम्मूनने बोट उचललं, "तर चोर आहे..." आणि अजान सुरू झाली. मास्तरांनी रोजच्यासारखं माझं यंत्र थांबवलं, टीव्ही बंद केला आणि खजूर तोंडात टाकला. त्यांच्या घरी रोजा सोडताना टीव्ही चालत नसे. त्या दिवशी भाग लांबला होता. अजानेनंतर आणखी चार मिनिटं दाखवली, हे दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. पण त्या गृहस्थानेही तेव्हा शोरब्याच्या वाडग्यातून मान वर केली नव्हती.

मालिका पुन्हा लागली नाही. मास्तरांनी टीव्ही केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं की शेवटच्या भागाच्या त्यांच्याकडच्या फितीवर आता फुटबॉलचा सामना उतरवला आहे. कम्मूनचं काम करणारा नट त्याच शहरात, बंदराजवळ राहत होता. "जाऊन विचार की," हेदी म्हणायचे. मास्तर दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले आणि परतले. "एवढ्या मोठ्या माणसाला काय म्हणू? तुमचा शेवट माझ्याकडून राहिला?" पुढे तो नट वारला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात कम्मूनचा उल्लेख नव्हता.

तिघे मित्रही गेले. झिजू नये म्हणून मास्तरांनी मला प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून तेलाच्या बरण्यांमागे ठेवलं. नऊ वर्षं. तिथल्या ओलीनं मला खाल्लं.

मग हेदींची फुप्फुसं थकली. "एकदा कम्मून दाखव," त्यांनी निरोप पाठवला. मास्तर मला आणि यंत्राला घेऊन इस्पितळात गेले. मी दोन मिनिटं चालले. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. पण फीत चिकटली, ताणली गेली आणि तुटली.

पडदा काळा झाला. मास्तर खाली मान घालून बसले.

"राहू दे," हेदी धापा टाकत म्हणाले. "तूच सांग. चोर कोण?"

"घाण्यावरचा कारकून," मास्तर म्हणाले.

"तुला रे कसं कळलं?"

"तो नट भेटला होता. त्यानं सांगितलं."

"तुला साधं खोटंसुद्धा बोलता येत नाही, शाझली." हेदींनी डोळे मिटले. "बरं, धरण्याआधी चहा मागितला का त्यानं?"

"मागितला. साखर जास्त घाल म्हणाला."

"मग बरोबर आहे. कारकूनच."

ईदच्या आदल्या दिवशी हेदी गेले.

आता मास्तर मला उन्हात खिडकीवर ठेवतात आणि हेदींच्या रुमालाने पुसतात. त्याचा आता उपयोग नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. ती चार मिनिटं माझ्यावर कधी उतरलीच नाहीत. म्हणून एवढंच सांगते, मित्रांनो. जे आवडतं ते जपून बंद करून ठेवू नका, वापरा. आणि ज्यानं तुम्हाला हसवलं, त्याच्या दारापर्यंत गेलात तर परतू नका. दार वाजवा.